आजीच्या माळ्यावरची पेटी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



'म्हातारपण' या विषयावर चार शब्द बोला, असे कार्यकारिणीने मला सांगितले. म्हातारपणातील आहार, औषधपाणी, पैशाची तजवीज यांबद्दल आपल्या मंडळात पुष्कळ बोलणे होते आणि ते हवेच. पण म्हातारपणाचा आणखी एक भाग आहे, त्याबद्दल आपण सहसा बोलत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या मनात दिवसभर काय चाललेले असते? खिडकीशी बसलेली आजी बाहेर पाहते आहे असे आपल्याला वाटते, पण ती नेमके काय पाहत असते? याचे उत्तर मला एका लघुकथेत जितके चांगले मिळाले तितके दुसरीकडे कुठे मिळाले नाही. म्हणून आज मी आपल्याला ती कथा सांगणार आहे आणि तिच्या निमित्ताने दोन गोष्टी बोलणार आहे.

कथा इंग्रजीतील आहे, लेखिका अमेरिकन आहेत. त्यांचे नाव कॅथरिन ॲन पोर्टर. १८९० साली टेक्सास संस्थानातल्या एका लहानशा वस्तीत त्यांचा जन्म झाला. त्या दोन वर्षांच्या असतानाच आई गेली आणि आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, त्यांना वाढविले. त्या अकरा वर्षांच्या झाल्या तेव्हा आजीही गेली. जन्मतः त्यांचे नाव 'कॅली' होते. पुढे मोठेपणी त्यांनी आपल्या आजीचे नाव स्वतःला घेतले आणि त्याच नावाने त्या जगात प्रसिद्ध झाल्या. १९६६ साली त्यांच्या कथासंग्रहाला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९८० साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या वारल्या. मी सांगणार आहे ती कथा १९२९ साली पॅरिसमधून निघणाऱ्या 'ट्रान्झिशन' नावाच्या मासिकात प्रथम छापली गेली. त्या वेळी पोर्टरबाई चाळिशीच्याही आत होत्या. अडतीस वर्षांच्या बाईने ऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या मनात शिरून लिहावे, हे नवल खरे. पण आजीच्या मांडीवर वाढलेल्या मुलीला ते साधले, यात नवल नाही असेही म्हणता येईल.

कथेतील आजीचे नाव एलेन वेदरॉल. इंग्रजीत या आडनावाचा अर्थ साधारण 'सगळे ऊनपाऊस सोसून उभी राहिलेली' असा होतो. ही आजी मुलीच्या, कॉर्नेलियाच्या घरी अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर येऊन नाडी पाहतो, तर ती त्याला झिडकारते. म्हणते, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा मी याहून मोठ्या दुखण्यांतून उठले आहे. डॉक्टर आणि मुलगी दाराशी उभे राहून हळू आवाजात बोलतात, आणि त्यांना वाटते आजीला ऐकू जात नाही. आजीला सगळे ऐकू जाते. तिला राग येतो. थांब, तुझीही मुले एक दिवस तुझ्या पाठीमागे अशीच कुजबुजतील, असे ती मनात म्हणते.

मग ती डोळे मिटते आणि उद्याचे बेत करू लागते. उद्या हे आवरायचे, उद्या ते लावून ठेवायचे. फडताळात पांढऱ्या बरण्या ओळीने लावलेल्या असाव्यात, त्यांच्यावर कॉफी, चहा, साखर, सुंठ, दालचिनी अशी नावे लिहिलेली असावीत, घड्याळावरची धूळ झटकलेली असावी, अशी तिची आवड. आपल्यापैकी कितीजणींना यात स्वतःचे स्वयंपाकघर दिसले असेल! आणि या उद्याच्या कामांतच एक काम आहे. माळ्यावर एक पेटी आहे. तिच्यात पत्रे बांधून ठेवली आहेत. जॉर्जची पत्रे, जॉनची पत्रे आणि तिने त्या दोघांना लिहिलेली पत्रे. मुलांच्या हाती ती पडू नयेत म्हणून उद्या ती एकदा चाळून पाहायची आहेत. एके काळी आपण किती भोळ्या होतो, हे मुलांना कशाला कळायला हवे?

जॉन हा तिचा नवरा. जॉर्ज कोण?

वीस वर्षांची असताना एलेनचे लग्न जॉर्जशी ठरले होते. लग्नाचा दिवस उजाडला. पांढरा बुरखा घालून ती तयार झाली, केक मांडून झाला, पाद्री येऊन बसला. जॉर्ज आला नाही. का आला नाही, हे लेखिकेने कुठेही सांगितलेले नाही, कारण एलेनलाही ते कधी कळले नाही. न कापलेला केक टाकून द्यावा लागला. ती कोसळणार तोच कुणीतरी तिला सावरले आणि त्या माणसाने जॉर्जला ठार मारण्याची भाषा केली, तेव्हा या मुलीनेच त्याला आवरले.

पुढे तिने जॉनशी लग्न केले. चांगला नवरा, चांगला संसार. पण जॉन तरुणपणीच गेला. पदरी लहान मुले. तिने एकटीने शंभर एकर जमिनीला कुंपण घातले, खांबांचे खड्डे स्वतः खणले, आजारी माणसांपाशी आणि आजारी जनावरांपाशी रात्री जागून काढल्या. मुले वाढविली, मार्गी लावली. अजूनही एक मुलगी सल्ल्यासाठी ८० मैल गाडी हाकत तिच्याकडे येते. आणि साठ वर्षे ही बाई देवापाशी एकच मागणे मागत आली की, त्या माणसाची आठवण मला नको.

आज, अंथरुणावर पडल्यावर, ती आठवण आली. धुराच्या लोटासारखी आली आणि नीट वाफे काढून लावलेल्या शेतावर पसरली.

ही गोष्ट सांगण्याची रीतही निराळी आहे. आजी काय बोलली आणि काय नुसते मनात आले, यांच्यामध्ये लेखिकेने भिंत ठेवलेली नाही. आता आजी मुलीशी बोलते आहे असे वाटावे, तर पुढच्याच ओळीत ती चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरात असते. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी तरंगतो आहेसे तिला दिसते. मुले पडद्यासारखी येतात आणि जातात. पहिल्या वाचनात आपला थोडा गोंधळ होतो. पण ज्यांनी घरात म्हातारी माणसे सांभाळली आहेत त्यांना हे अनोळखी वाटणार नाही. आजी मध्येच कुणाला तरी हाक मारते, ती व्यक्ती जाऊन तीस वर्षे झालेली असतात, आणि आपण म्हणतो, "आता भ्रम झाला." भ्रम असेलही. पण त्या भ्रमाला एक माग असतो, आणि तो माग पोर्टरबाईंनी धरून दाखविला आहे.

शास्त्रही या बाबतीत काही सांगते. फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ तेओदुल रिबो यांनी १८८१ सालीच लिहून ठेवले की, स्मृती ढासळू लागते तेव्हा अलीकडचे आधी जाते आणि जुने मागाहून. सकाळी औषध घेतले की नाही हे आठवत नाही, पण लग्नातल्या शालूचा रंग आठवतो, याचे कारण हेच. त्यानंतर १९६३ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी आणखी एक गोष्ट मांडली. म्हातारी माणसे जुन्याच गोष्टी उगाळीत बसतात हे मनाच्या ऱ्हासाचे लक्षण, असे तोवर वैद्यमंडळीही मानीत असत. बटलर म्हणाले, तसे नव्हे. शेवट जवळ आला आहे हे जाणून माणूस आपल्या साऱ्या आयुष्याचा हिशेब मांडून पाहतो. हे काम आहे, आळस नव्हे. ही गोष्ट शास्त्राने सांगण्यापूर्वी तीस-चौतीस वर्षे एका कथालेखिकेने दाखवून ठेवली होती, हे मला मोठे वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

ही कथा वाचून कुणी म्हणेल, "म्हणजे त्या बाईचे खरे प्रेम जॉर्जवरच होते. जॉनशी साठ वर्षांपूर्वी मांडलेला संसार ही नुसती तडजोड." मला हे पटत नाही. कथेत तसे नाही आणि आयुष्यातही तसे नसते. आजी मनातल्या मनात जॉर्जला एक निरोप पाठविते. त्याला शोधून काढा आणि सांगा की, मी त्याला विसरले. मला नवरा मिळाला, मुले झाली, घर झाले, चारचौघींसारखे सगळे मिळाले. हे खोटे नाही. पण निरोप सांगता सांगताच तिला वाटते, नाही, या सगळ्याखेरीज आणखी काहीतरी होते, आणि ते मात्र परत मिळाले नाही.

ते 'काहीतरी' म्हणजे काय? लेखिकेने सांगितलेले नाही. ज्याने त्याने आपल्या अनुभवाने ते भरायचे. मी आपला अर्थ सांगते. जॉर्जबरोबर जॉर्ज गेला एवढेच झाले असते तर जॉनने ती जागा भरली असती. पण त्या दिवशी भरल्या घरात, पाद्र्यासमोर, वीस वर्षांची एक मुलगी उभी होती, आणि उद्याचा दिवस आपला आहे असा तिचा विश्वास होता. तो विश्वास त्या दिवशी गेला. पुढे एलेन कर्तबगार झाली, नेटकी झाली, कशाचीही नासाडी होऊ न देणारी झाली. यंदाची सगळी फळे उतरवा, एकही वाया घालवू नका, असे ती मुलांना बजावते. ज्या बाईचा लग्नाचा केक उकिरड्यावर गेला तिला एक फळ वाया गेलेले सोसत नाही! तिचा सारा टापटिपीचा संसार त्या एका दिवसाला दिलेले उत्तर होते.

आणखी एक गोष्ट पाहा. ही कथा वाचताना सगळे लक्ष जॉर्जकडे जाते आणि जॉन मागे पडतो. पण तोही हरवलेलाच आहे. आजी विचार करते की, जॉन आता समोर आला तर माझ्या शेजारी पोर दिसेल, कारण आमची मुलेच आता त्याच्याहून वयाने मोठी झाली आहेत. आणि तो मला ओळखणारही नाही. तो डोक्यात उंच फणी खोवलेल्या, हाती रंगीत पंखा घेतलेल्या तरुण बायकोला शोधील, आणि इथे तर खड्डे खणून खणून बदललेली बाई! एक माणूस आला नाही म्हणून हरवला, दुसरा आला आणि अर्ध्या वाटेवर गेला म्हणून हरवला. लहानपणी वैधव्य आलेल्या किती बायका आपण आपल्या घरांत पाहिल्या! त्यांच्या नवऱ्याचा भिंतीवरचा फोटो पंचविशीतलाच राहिला आणि त्या सत्तरीच्या झाल्या. त्यांच्या मनात काय येत असेल याचा विचार मी ही कथा वाचेपर्यंत असा केला नव्हता.

"हे सगळे तिकडचे. आमच्या आज्यांची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी झाली. त्यांना कुठला जॉर्ज?" असे एखादी म्हणेल. शंका रास्त आहे. पण हरवलेले प्रेम म्हणजे चोरून लिहिलेली पत्रेच असे नाही. ठरलेले लग्न देण्याघेण्यावरून मोडले आणि बोल मात्र मुलीला लागला, असे आपल्याकडे किती झाले! ज्याचे मुखही नीट पाहिले नव्हते तो नवरा गेला. पाठची बहीण बाळंतपणात गेली. पहिले मूल हाती लागले नाही. या कथेतही आजीला शेवटी सर्वांत जास्त ओढ लागते ती हॅप्सी नावाच्या मुलीची. बाकीची सारी मुले जमतात, हॅप्सी येत नाही. ती कुशीत तान्हे मूल घेऊन उभी असलेली आजीला दिसते तेवढीच. ती बहुधा जगात नाही, असे वाचणाऱ्याला वाटते. तेव्हा वाट पाहणे एकाच माणसाचे असते असे नाही.

आपल्याकडे बायकांनी आठवणी लिहिल्या आहेत आणि उत्तम लिहिल्या आहेत. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली आल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने आली आणि ती वाचताना आजही हसू आणि रडू बरोबर येते. पण या दोन्ही पुस्तकांच्या मध्यभागी पतीच आहेत, आणि ते साहजिक आहे. आठवण म्हणून नाव घालून लिहायचे झाले की, बाईला बऱ्याच गोष्टी गिळाव्या लागतात. घरातली माणसे वाचणार, गाव वाचणार. म्हणून काही गोष्टी लघुकथेतच सांगता येतात. कथेतली बाई कुणाचीच सासू नसते, कुणाचीच जाऊ नसते. ती खरे बोलू शकते. आपल्या वाचनवर्गात "काल्पनिक गोष्टी वाचून काय मिळणार?" असा प्रश्न अधूनमधून निघतो, त्याला माझे उत्तर हेच आहे.

आता कॉर्नेलियाविषयी दोन शब्द बोलले नाहीत तर अन्याय होईल. या सभागृहात आजीच्या वयाच्या काहीजणी आहेत, पण कॉर्नेलियाच्या जागी असलेल्या पुष्कळ आहेत. आजीच्या नजरेतून कॉर्नेलिया म्हणजे कर्तव्याचा पुतळा, आपल्या कलाने घेते असे दाखवून मनात वैतागणारी. पण जरा बाजूला होऊन पाहा. आईला घरी तिनेच ठेवून घेतले आहे. डॉक्टरला तीच बोलावते, कपाळावर ओला हात तीच फिरविते, रडतेही तीच. आईचे ओठ हलतात, पण शब्द तिला कळत नाहीत. आई मनात किती बोलते आहे आणि मुलीच्या कानी त्यातले काहीच पडत नाही, या कथेतले मला सर्वांत दुखावणारे हेच आहे. दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे. मध्ये साठ वर्षांचे न बोललेले येऊन बसले आहे. मुलीला आई माहीत आहे; बुरखा घालून उभी राहिलेली एलेन तिने कधी पाहिलीच नाही.

शेवट सांगते. मुले जमतात, पाद्री येतो. जपमाळ हातातून सुटते आणि आजी मुलाचा अंगठा घट्ट धरते. तिला काहीतरी जिवंत हवे असते. आता तिला कळते की, हे मरण आहे आणि उद्याचे काम उद्या होणार नाही. वाटणीचे राहिले, दागिन्यांचे राहिले, माळ्यावरची पेटी राहिली. ती देवाकडे खूण मागते. ख्रिस्ती धर्मात देवाला वराची उपमा देतात, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचे कळते. खूण मिळत नाही. पुन्हा एकदा घरात पाद्री आहे आणि वर आलेला नाही. हे दुःख असे की, त्यापुढे आधीची सारी दुःखे पुसली गेली. उशाशी मुलीचा निळ्या झाकणाचा दिवा आहे, त्याचा प्रकाश आकसत आकसत तिच्या मनात एक ठिपका होऊन राहतो. तरुणपणी संध्याकाळी धुके दाटले की ती दिवा लावीत असे आणि भ्यालेली मुले तिला येऊन बिलगत. दिवा लागला की भीती जाऊन ती आपापल्या खेळाला पांगत. आता ती स्वतःच फुंकर घालून तो दिवा मालवते.

कुणी म्हणेल, फार निराशेचा शेवट. निराशेचा आहे खरा. पण एक लक्षात घ्या. दिवा दुसऱ्या कुणी मालवलेला नाही. जिने आयुष्यभर घरातले दिवे लावले तिनेच तो मालवला. एवढा मान लेखिकेने तिचा राखला आहे.

भगिनींनो, या कथेतून आपण घरी काय न्यायचे? उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, पण तीन साध्या गोष्टी सुचवते.

पहिली ही की, आजारी माणसाच्या दाराशी उभे राहून कुजबुजू नये. कान शेवटपर्यंत शाबूत असू शकतात. जे बोलायचे ते जवळ बसून बोलावे, नाहीतर पार दुसऱ्या खोलीत जावे.

दुसरी गोष्ट आपल्यापैकी वडीलधाऱ्या आहेत त्यांच्यासाठी. आपापल्या माळ्यावरची पेटी उद्यावर टाकू नये. ठेवायचे ते ठेवावे, जाळायचे ते जाळावे, आणि एखादी गोष्ट लेकीला किंवा सुनेला सांगावीशी वाटली तर ती हातपाय चालताहेत तोवर सांगावी. सांगितलीच पाहिजे असे मी म्हणत नाही. मनाचा एक कोपरा स्वतःपुरता ठेवण्याचा हक्क म्हातारपणीही असतो. फक्त तो निर्णय आपला असावा, आजारपणाने आपल्या वतीने घेतलेला नसावा.

तिसरी गोष्ट लेकीसुनांसाठी. कथेत सगळे तिला आई म्हणतात, आजी म्हणतात. 'एलेन' या नावाने तिला हाक मारते ते तिचे स्वतःचे मनच. आपल्याकडे तर याहून पुढची गोष्ट. लग्नात तांदळात नवे नाव लिहिले की, माहेरचे नाव तिथेच संपते. आई-वडील आणि भावंडे गेली की, त्या नावाने हाक मारणारे जगात कुणी उरत नाही. पोर्टरबाईंनी आपल्या आजीचे नाव स्वतः घेऊन ते जगभर नेले. आपल्याला तेवढे नको. आज घरी गेल्यावर सासूबाईंना, आजेसासूबाईंना, आपल्या आजीला, शेजारच्या काकूंना एवढेच विचारा, "तुमचे माहेरचे नाव काय होते? त्या नावाने तुम्हाला कोण हाक मारीत असे?" आणि विचारल्यावर दूध उतू जाईल म्हणून उठू नका. दूध उतरवून ठेवून मगच विचारा. उत्तर लांबण्याचा संभव आहे.